एकाचा दिवा, दुसऱ्याचा अंधार

रविवारची सायंकाळ सरत आली, की सिंहगडाच्या पायथ्याकडून आणि पानशेतकडून पुण्याकडे परतणाऱ्या मोटारींची रांग लागते. गाडीत पाच माणसे, डिकीत सतरंज्या, पाण्याचे कॅन, उरलेला शिधा आणि वाटेत घेतलेली भाजीची पिशवी. गाडीचा मागचा भाग ओझ्याने बसलेला असतो आणि पुढचा किंचित उचललेला. त्याच वेळी समोरून एखादा शिक्षक स्कूटरवरून डोणज्याकडे निघालेला असतो, एखादा विद्यार्थी सायकलवरून घर गाठत असतो. मोटारीच्या दिव्यांचा पांढराशुभ्र लोळ त्यांच्या डोळ्यांवर येतो आणि काही क्षण रस्ताच नाहीसा होतो. रस्त्याची कडा, कडेने चालणारा माणूस, समोरचा खड्डा, काहीही दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात अकरा मीटर अंतर तोडते. तीन सेकंद डोळे दिपले, तर तेहतीस मीटर रस्ता तो शिक्षक देवाच्या भरवशावर कापतो.

अशा वेळी मोटारवाल्याला शिव्या देण्याची रीत आहे. ‘दिवे अप्परवर ठेवून चालवतो, डिपर द्यायची अक्कल नाही,’ असे म्हणून स्कूटरवाला पुढे जातो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु पुष्कळदा त्या मोटारवाल्याने दिवे डिपरवरच ठेवलेले असतात. आपण कोणाला आंधळे करीत आहोत याची त्याला कल्पनाही नसते. दोष त्याच्या सौजन्यात नसून त्याच्या दिव्याच्या रोखात असतो, आणि हा दोष असा विलक्षण आहे की तो ज्याचा आहे त्याला कधीही दिसत नाही.

दिव्याच्या रोखाचा हिशेब शाळेतल्या भूमितीपलीकडचा नाही. डिपरवरच्या दिव्याच्या झोताला वरच्या बाजूस एक रेषा असते. रेषेच्या खाली उजेड, वर जवळजवळ अंधार. ही रेषा पुढे जाताना दर दहा मीटरला साधारण दहा सेंटिमीटर खाली उतरावी, म्हणजे शेकडा एक या प्रमाणात झुकावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर बसवलेल्या दिव्याचा झोत मग ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो आणि कोणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. आता गाडीच्या मागच्या भागावर ओझे आले आणि तो अवघा साडेचार सेंटिमीटर खाली बसला असे धरू. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल, तर एवढ्याने गाडी एक अंशाने वर पाहू लागते. एक अंश म्हणजे शेकडा पावणेदोन. खाली उतरणारी रेषा आता शेकडा पाऊण या प्रमाणात वर चढू लागते. ५० मीटरवर ती एक मीटरच्या वर जाते, १०० मीटरवर एक मीटर चाळीस सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. समोरच्या मोटारचालकाचे, सायकलवरील मुलाचे, स्कूटरवरील कारकुनाचे डोळे याच उंचीच्या टापूत असतात. तीन बोटे दबलेल्या स्प्रिंगांनी एवढा फरक पडतो.

ही अडचण वाहन बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएन कंपनीने शेतकऱ्यांसाठी एक अत्यंत साधी, स्वस्त मोटार बाजारात आणली. ‘टू सीव्ही’ हे तिचे नाव. त्या गाडीच्या मऊ स्प्रिंगा ओझ्याने भलत्याच दबत. म्हणून चालकाच्या हाताशी दिव्यांचा रोख खालीवर करणारी एक खुंटी दिलेली होती. गरिबाच्या गाडीतही ही सोय आवश्यक मानली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्याच कंपनीच्या १९६७ च्या ‘डीएस’ गाडीत दिव्यांचा रोख चाकांच्या हालचालीबरोबर आपोआप सावरण्याची योजना आली. पुढे १९९१ पासून झेनॉनचे प्रखर दिवे मोटारींत येऊ लागले आणि प्रश्नाला धार चढली. जुन्या हॅलोजन दिव्याचा डिपर साधारण एक हजार ल्यूमेन प्रकाश देतो; झेनॉनचा दिवा तीन हजारांच्या पुढे जातो. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीने असे बंधन घातले, की डिपरच्या प्रकाशस्रोताचे तेज दोन हजार ल्यूमेनहून अधिक असेल, तर रोख सावरण्याची यंत्रणा स्वयंचलितच असली पाहिजे. त्याहून कमी तेजाच्या दिव्यांना डॅशबोर्डवरील शून्य ते तीन आकड्यांची हातचकती पुरते. ही चकती आज आपल्याकडच्या असंख्य मोटारींत आहे. ती कशासाठी आहे हे किती मालकांना ठाऊक असेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या परिचितांना विचारून बांधावा. चालक एकटा असेल तर शून्य, आणि गाडी माणसांनी व सामानाने भरली की वरचा आकडा, एवढाच तिचा मंत्र आहे.

स्वयंचलित यंत्रणेत चकतीची जागा सेन्सर घेतो. मागच्या आसाजवळ, आणि काही गाड्यांत पुढेही, एक लहानसा सेन्सर बसवलेला असतो. त्याचा हात एका वीतभर दांडीने चाकाच्या जोडणीला बांधलेला असतो. गाडी किती दबली हे त्या हाताच्या कोनावरून कळते, कंट्रोल युनिट त्याचा हिशेब करते आणि दिव्याच्या आतील छोटी मोटर दिव्याचा रोख खाली किंवा वर करते. योजना चतुर आहे. पण तिचा सगळ्यांत नाजूक भाग गाडीच्या पोटाखाली, चिखल, पाणी आणि खडी यांच्या माऱ्यात राहतो. पुण्यासारख्या शहरात चार महिने पावसाळा, बारा महिने खोदकाम आणि गल्लोगल्ली मनमानी उंचीचे गतिरोधक! दांडीच्या टोकाचे गोलाकार सांधे गंजून घट्ट होतात किंवा निखळतात. जोडणीत पाणी शिरून तांब्यावर हिरवी बुरशी चढते. सेन्सरचा हात एकाच जागी अडकून राहिला, की यंत्रणेला गाडी कायम रिकामी किंवा कायम भरलेली वाटते, आणि दिवे त्याप्रमाणे चुकीच्या रोखावर थांबतात.

खरी परीक्षा येथून पुढे, दुरुस्तीच्या वेळी असते. दिवे फार खाली झुकून बसले तर मालकाला रस्ता दिसत नाही, म्हणून तो तातडीने गॅरेज गाठतो. तेथे घाईत एक सोपा उपाय होतो. निखळलेली दांडी तारेने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने अशी बांधून टाकायची, की दिवे उचलले जातात. किंवा सेन्सरची जोडणीच काढून ठेवायची आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत हवा तितका वर घ्यायचा. मालकाला लख्ख दिसू लागते. तो समाधानाने पैसे मोजतो. डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत राहिला, तरी ‘तो तसाच असतो’ असे त्याला सांगितले जाते. उलट दिवे वरच्या रोखावर अडकले, तर त्याला काहीच खटकत नाही. दूरवर दिसते, हे तर उत्तमच! म्हणजे बिघाड दुसऱ्याला जाचू लागला की त्याची तक्रार होत नाही, आणि स्वतःला जाचू लागला की त्याची दुरुस्ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर केली जाते.

योग्य दुरुस्ती तशी अवघड नाही. आधी दांडी, तिचे सांधे आणि सेन्सरची जोडणी पाहावी. पुष्कळदा दोष एवढ्यातच सापडतो आणि सबंध दिवा बदलण्याच्या खर्चाशी तुलना करता तो किरकोळ ठरतो. सेन्सर बदलला, तर काम तेथे संपत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, टायरांत ठरलेली हवा भरून, डिकी रिकामी करून, स्कॅनरच्या साहाय्याने त्या सेन्सरला ‘ही सरळ स्थिती’ अशी नव्याने ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर दिव्यांचा रोख मोजून लावायचा. ही शेवटची पायरी गाळली, तर नवा कोरा सेन्सरही जुन्याइतकाच खोटे बोलतो. नाना पेठेत सुटे भाग हवे तसे मिळतात. मिळत नाही तो हे शेवटचे अर्ध्या तासाचे काम करण्याचा आग्रह.

यात गॅरेजच्या मेकॅनिकलाच दोषी धरणे अन्यायाचे होईल. अनेक नव्या गाड्यांत दिवा एकसंध मिळतो; आतील मोटर बिघडली तरी हजारो रुपयांचा सबंध दिवा बदलावा लागतो. शहरातल्या छोट्या कारागिराला त्या गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा स्कॅनर परवडत नाही, दुरुस्तीची पुस्तिका त्याच्या हाती पडत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक व्यासपीठ सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. हेतू स्तुत्य आहे. परंतु पेठेतल्या मेकॅनिकला रोख लावण्याची माहिती आणि सुटी मोटर वाजवी किमतीत मिळू लागेल, तेव्हाच त्या हक्काला अर्थ येईल. सुरक्षिततेशी निगडित असलेला भाग मुद्दाम महाग आणि अगम्य ठेवायचा, आणि मग तारेने बांधणाऱ्यावर बेशिस्तीचा शिक्का मारायचा, हा न्याय नव्हे.

कायदा याबाबत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ दिव्यांच्या झोताविषयीच आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाचे डोळे दिपता कामा नयेत, असे तो सांगतो. शब्द कडक वाटतात. पण वर मांडलेला हिशेब येथे लावून पाहावा. शेकडा पाऊण वर चढणारी झोताची रेषा आठ मीटरवर जमिनीपासून जेमतेम ७१ सेंटिमीटर उंच असते. दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तेथे काहीही जाणवणार नाही. गाडी नियमाच्या कसोटीला उतरेल आणि शंभर मीटरवरच्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपवीतच राहील. आठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला जपणारा नियम रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाला अपुरा पडतो. तेव्हा रस्त्यावरच्या गाडीची तपासणी करताना झोताचा उतार शेकड्यात मोजणे, हाच खरा उपाय आहे.

त्याहून मोठी उणीव तपासणीच्या वेळापत्रकात आहे. मालवाहू व प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र एकदा झाली, की पंधरा वर्षे चालते. या पंधरा वर्षांत तिच्या धुराची तपासणी वरचेवर होते. तिच्या दिव्यांचा रोख कोणीही पाहत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी होते आणि दिव्यांचा रोख हा त्या तपासणीचा भाग असतो. जर्मनीत तर सक्तीच्या तपासणीखेरीज १९५६ पासून दर ऑक्टोबर महिन्यात दिव्यांची मोफत तपासणी करण्याची प्रथा आहे. गॅरेजवाले आणि रस्तासुरक्षेचे काम करणारी संस्था मिळून ती पार पाडतात, आणि निर्दोष गाडीच्या काचेवर एक चिकटपट्टी लावतात. हिवाळ्याचे दिवस आखूड होण्यापूर्वी दिवे ठीक करून घ्यावेत, एवढाच त्यामागील विचार आहे.

पुण्याला हे अशक्य असण्याचे कारण नाही. उलट या शहराइतकी अनुकूलता देशात क्वचितच असेल. वाहनांचे आणि त्यांच्या भागांचे कसून परीक्षण करणारी ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून वेताळ टेकडीवर उभी आहे. रस्तावाहतुकीचे अध्ययन करणारी केंद्रीय संस्था नाशिक फाट्याजवळ आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांची रांग लागली आहे. नवा दिवा बाजारात येण्यापूर्वी त्याची काटेकोर परीक्षा ज्या शहरात होते, त्याच शहराच्या रस्त्यावर आल्यानंतर त्या दिव्याला पंधरा वर्षे कोणी विचारीत नाही, ही विसंगती आहे.

पहिली गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. धुराच्या तपासणीसाठी प्रत्येक जुनी मोटार वर्षातून एकदा तरी केंद्रावर जातेच. तेथेच दिव्यांचा रोख मोजणारे यंत्र ठेवता येईल. भिंग बसवलेली ती एक पेटी असते. दिव्यासमोर ठेवली, की दूरच्या भिंतीवर उमटणारी प्रकाशरेषा ती आतल्या लहानशा पडद्यावर दाखवते. जागा लागते ती सपाट. लांब असण्याची गरज नाही. आरंभी दंड नको. दाखल्यावर केवळ नोंद असावी आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. दुसरी गोष्ट शिक्षणसंस्थांच्या हातची आहे. औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेणारी मुले आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात त्यांनी आपापल्या आवारात दिव्यांची मोफत तपासणी ठेवली, तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि शहराला प्रकाशाची शिस्त.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. धुराचे दाखलेच जेथे पुष्कळदा गाडीकडे न पाहता दिले जातात, तेथे आणखी एका कागदाने काय साधणार? आक्षेप खोटा नाही. परंतु धूर आणि दिवा यांत एक महत्त्वाचा फरक आहे. धुरातले विष मोजण्यास यंत्रच लागते. दिव्याचा रोख कोणाही नागरिकाला संध्याकाळी स्वतः पाहता येतो. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर अंतरावर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. डिपरच्या झोताची वरची कडा या दुसऱ्या रेघेवर यावी. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने डाव्या हाताला ती वर चढलेली दिसेल, तो दोष नव्हे. अनेक गाड्यांच्या दिव्याजवळ झुकावाचा नेमका आकडा शेकड्यात छापलेला असतो. तो असल्यास त्याप्रमाणे धरावे. मग मागच्या आसनावर दोघातिघांना बसवावे. यंत्रणा स्वयंचलित असेल, तर झोत क्षणभरात पुन्हा रेघेवर आला पाहिजे. हातचकती असेल, तर ती फिरवून आणता आला पाहिजे. आला नाही, तर गाडी आजारी आहे.

आणखी एक मोह येथेच सांगितला पाहिजे. जुन्या हॅलोजनच्या घरात बाजारातला झगझगीत एलईडी बल्ब बसवून घेण्याची सध्या चढाओढ आहे. दिव्याचे भिंग आणि परावर्तक विशिष्ट बल्बच्या ज्योतीसाठी घडवलेले असतात. बल्ब बदलला की झोताची रेषाच विस्कटते आणि मग कोणताही स्क्रू, कोणतीही चकती ती सावरू शकत नाही. उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. एकेकाळी दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेवर काळा रंग लावून डोळे वाचवले जात. तो उपाय ओबडधोबड होता, पण त्यामागे समोरच्याची काळजी होती. आज दिवे शतपटीने सुधारले. ती काळजी मात्र काळ्या रंगाबरोबर पुसली गेली, असे होऊ नये.

केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार शेकडा ४४ हून अधिक होते आणि पादचारी शेकडा १९ हून अधिक. हे सारे मृत्यू दिव्यांमुळे झाले असे कोणीही म्हणणार नाही. परंतु ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नाही, ज्यांना रात्री घरी पोहोचण्यासाठी स्वतःच्या डोळ्यांखेरीज आधार नाही, त्यांच्याच वाट्याला रस्त्यावरचे मरण अधिक येते, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते. वय वाढलेल्या डोळ्यांना तर दिपल्यानंतर सावरण्यास तरुणांपेक्षा अधिक वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू झालेल्याला प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते. निवृत्तीला आलेला शिक्षक रात्री गाडी चालवणे सोडून देतो, तेव्हा घरचे त्याच्या डोळ्यांना दोष देतात. समोरच्याच्या दिव्याची चौकशी कोणी करीत नाही.

गळके छप्पर असेल तर मालक भिजतो, म्हणून तो ते शाकारून घेतो. ब्रेक बिघडले तर त्याचा जीव धोक्यात येतो, म्हणून तो मेकॅनिककडे धावतो. रोख चुकलेला दिवा हे मोटारीचे असे दुखणे आहे, की त्याची कळ नेहमी दुसऱ्याला येते. म्हणूनच ते मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी तपासणीचा नियम हवा, आणि नियम येईपर्यंत भिंतीवर ओढलेली खडूची एक रेघ हवी. दिवाळीला दारात पणती लावताना वाऱ्याची दिशा पाहून ती आडोशाला ठेवण्याची रीत घरोघरी आहे. तेवढीच काळजी मोटारीच्या दिव्याची घेतली, तर सिंहगडाच्या वाटेवरून घरी निघालेल्या त्या स्कूटरवाल्याला त्याचा रस्ता दिसत राहील.